वर पाणी, खाली माणसं

फौजींना कुणाच्या हातात ओझं बघवत नसे. भाजीची पिशवी असो, गॅसचं सिलिंडर असो की एखाद्या पोराचं दप्तर असो, समोरचा माणूस ओळखीचा आहे की नाही हेही न पाहता ते पुढे होत आणि "इकडं द्या" म्हणून काढूनच घेत. चंदीगडसारख्या शहरात असं केलं तर लोक पोलीस बोलावतील. माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. आमच्या सेक्टरात आठवड्यातून एकदा मंडई भरे. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी रिक्षा शोधत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी एक पिशवी ओढली. माझ्या तोंडून "अगं बाई गं" निघालं, आणि मागून साताऱ्याकडचा आवाज आला, "भिऊ नका बाई, आपलाच माणूस हाय." त्या परमुलखात एवढं ऐकून माझा जीव भांड्यात पडला आणि दुसरी पिशवी मी आपण होऊन त्यांच्या हातात दिली.

त्यांनी नाव सांगितलं होतं, पण ते पुढे कुणी वापरलं नाही. पंजाबात सैन्यातून आलेल्या माणसाला नाव नसतं, तो फौजी असतो. नाईकाच्या हुद्द्यावरून ते पेन्शनीत निघाले तेव्हा नेमणूक इथल्याच छावणीत होती. तिथल्या एका सुभेदारांनी त्यांना मोहालीत नव्याने उभ्या राहिलेल्या एका काचेच्या ऑफिसात गार्डची नोकरी लावून दिली. ऑफिस कॉम्प्युटरचं होतं. आत काय चालतं हे फौजींना शेवटपर्यंत कळलं नाही. "पोरं दिवसभर खुर्चीत बसत्यात आन संध्याकाळी दमून बाहेर येत्यात, मला एवढंच दिसतं," असं ते म्हणत. राहायला मनीमाजऱ्याच्या बाजारामागे एक खोली होती. बायको आणि मुलगी गावी, फौजींच्या आईवडिलांपाशी.

गाव माण भागातलं, दुष्काळी. "आमच्याकडं पाऊस पडत न्हाई, म्हणून पलटण पिकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरटी एक माणूस सैन्यात. लहानपणी लांबच्या विहिरीवरून कावडीने पाणी आणायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे खांदे तयार झाले, पण अंगावर मांस चढलं नाही. भरतीला गेले तर वजनात कमी भरले. सगळ्या गावांतली सगळी पोरं करतात तोच उपाय त्यांनी केला. डझनभर केळी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि पुन्हा काट्यावर उभे राहिले. "वजन भरलं बाई, साहेबानं शिक्का मारला. आन शिक्का मारल्या मारल्या सगळी केळी साहेबाच्या बुटावर." मग साहेब काय म्हणाले, असं मी विचारलं. "म्हणाले, पुसून काढ आणि लायनीत उभा राहा. म्हणजे घेतलंच की."

हा किस्सा ते कुणालाही, कितीही वेळा सांगत. कारगिलच्या लढाईचं मात्र विचारलं की त्यांचा पाय दुखू लागे. दोन्ही पायांची मिळून चार बोटं त्यांनी तिकडच्या बर्फात गमावली होती आणि बुटात पुढे कापूस कोंबून ते चालत. आमचा मुलगा तेव्हा शाळेत होता. घरात मराठी कळायची सगळी, पण उत्तर हिंदीतच यायचं. त्याने एकदा विचारलं, "अंकल, आपने कितने मारे?" फौजी चहा पीत होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "बेटा, मैंने मारे नहीं. मैंने तो उठाए हैं." मुलाचा चेहरा पडला आणि तो खेळायला निघून गेला.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. हे इथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष, आणि माईक हातात आला की व्यवसाय विसरत नाहीत, असं मी थट्टेने म्हणते. पण मनाचे स्वच्छ. समोरच्याला मोठं करून सांगायची त्यांना हौस. कुणी पोहे चांगले केले तर अन्नपूर्णा, कुणाच्या मुलाला सत्तर टक्के मिळाले तर कुळाचा दीपक. कारगिलची लढाई होऊन वर्ष झालं असेल. गणेशोत्सवात एका संध्याकाळी ह्यांनी फौजींना स्टेजवर बोलावलं. सेक्टरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये शंभरेक माणसं. डॉक्टर, प्राध्यापक, छावणीतली कुटुंबं. दोन शब्द सांगा, असं म्हणून ह्यांनी माईक त्यांच्या हातात दिला.

फौजी सावधान उभे राहिले. म्हणाले, "आमची कंपनी मागं होती. आमचं काम वाहायचं. वर पाणी, खाली माणसं. दुसरं काय सांगू." मग सॅल्यूट करून ते उतरायला निघाले.

हॉलमध्ये शांतता. कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. सतरंजीवर बसलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ह्यांना शांतता सोसत नाही. ह्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, हा विनय बघा. ज्या हातांनी शिखरावर तिरंगा रोवला, ते हात म्हणतात मी पाणी वाहिलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांचे डोळे भरून आले, माझेही आले. फौजी पायरीवर थबकले होते. टाळ्या थांबेपर्यंत ते तसेच ताठ उभे राहिले आणि मग खाली येऊन बूट शोधायला लागले.

बाहेर मी त्यांना गाठलं. "अहो, तुम्ही शिखरावर गेला होता?"

"न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"डॉक्टरसाहेब माईकवर होते, बाई. सगळ्यांसमोर साहेबाचा शब्द खाली पाडत नसत्यात."

सैन्यातली सतरा वर्षं हेच अंगात मुरलेलं. साहेब चुकला तर नंतर, एकट्यात, विचारलं तर सांगायचं. घरी आल्यावर मी ह्यांना बोलले. हे म्हणाले, "अगं, पाणी वाहिलं तेही डोंगरावरच ना? थोडं इकडचं तिकडं झालं. लोकांना किती बरं वाटलं बघ." आणि खरंच, लोकांना फार बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी बॅनरवर त्यांच्या फोटोखाली 'शिखरवीर' छापलं. कुणीतरी त्या कार्यक्रमाचा फोटो मोहालीच्या ऑफिसात पोचवला. तिथला मॅनेजर आल्यागेल्याला सांगू लागला, "जी, हमारा गार्ड कारगिल का हीरो है." फौजींची गेटवरची जागा गेली आणि काचेच्या दालनात, कुंडीशेजारी, बसायला खुर्ची मिळाली. त्यांना ती खुर्ची आवडली नाही. दर वर्षी ते डोंगरावर थोडे थोडे वर चढत गेले. ते काही बोलत नसत, आणि जो बोलत नाही त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. गप्प राहिले तर लोक म्हणत, किती नम्र माणूस आहे.

एकदा मात्र माझ्यापाशी ते बोलले. मी मेथी निवडत होते आणि ते न सांगता समोर बसून निवडू लागले होते. म्हणाले, "वर गेले ती पोरं येगळी, बाई. त्यातली किती तरी मी खांद्यावर खाली आणली. आता स्टेजवर त्यांच्या जागंला मी उभा राहतो. हार माझ्या गळ्यात पडतो. मला वाटतं, बघत असतील." मी म्हटलं, मी ह्यांना पुन्हा सांगते. तर म्हणाले, "नको. साहेबांना वाईट वाटंल."

मग सुनीता आली. तिचा नवरा हवाईदलात, नव्यानेच इथे बदलून आलेला. मंडळात ओळख झाली तेव्हा कळलं की तिचा धाकटा भाऊ फौजींच्याच पलटणीतला, त्याच डोंगरावर कामी आलेला. तिची आई, जिला सगळे आक्का म्हणत, कऱ्हाडकडून तिच्याकडे राहायला येणार होती. ह्यांना तर आभाळ ठेंगणं झालं. वीरमाता आणि शिखरवीर एकाच स्टेजवर. ह्यांनी त्याच संध्याकाळी भाषणाची जुळवाजुळव सुरू केली.

फौजी दुसऱ्या दिवशी आमच्या दारात उभे. आत येईनात. "बाई, साहेबांना सांगा, मला त्या दिवशी ड्युटी हाय." त्यांना ड्युटी नव्हती, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हटलं, स्टेजचं मी बघते. पण आक्काच तुम्हाला भेटायचं म्हणतात. सुनीताला त्यांनी फोनवर सांगितलंय, माझ्या पोराला शेवटचं ज्यानं बघितलं त्याला मला बघायचंय. फौजी बराच वेळ दाराची कडी हलवत राहिले. मग म्हणाले, "आईला न्हाई कसं म्हणायचं."

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी मी आक्कांना चहाला बोलावलं. बारीक अंगाच्या, नऊवारीतल्या, कपाळावर गोंदण. हातातला पेढ्यांचा पुडा माझ्याकडे देऊन त्या सोफ्यावर टेकल्या, तेही अगदी कडेला. हे होते, सुनीता होती. फौजी समोरच्या खुर्चीवर बसायला तयार नव्हते, शेवटी बसले. ह्यांनी सुरुवात केली, "आक्का, हेच ते, ज्यांनी..." आणि फौजी उठून उभे राहिले. मी त्यांना पहिल्यांदाच ह्यांचं बोलणं तोडताना पाहिलं.

"आई, मी वर न्हवतो," ते म्हणाले. "लोक म्हणत्यात ते खरं न्हाई. मी तुमच्या पोराशेजारी लढलो न्हाई. माझी कंपनी मागं होती."

ह्यांनी एकदा खाकरल्यासारखं केलं आणि गप्प बसले. सुनीता आईकडे बघत होती. आक्का मात्र शांत होत्या. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही कुठं होता?"

"खालनं वर सामान न्यायचो. पाणी, गोळ्या, जेवण. धुकं उतरलं की चढायचं. आन येताना..."

"येताना माझ्या पोराला तुम्ही आणलं?"

"हां. आम्ही चौघांनी."

आक्का उठल्या. त्यांनी फौजींचे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून बघितले आणि तसेच धरून ठेवले. म्हणाल्या, "पेटी उघडू दिली न्हाई आम्हाला. कुणाच्या हातनं आला ते तरी कळलं." मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं त्या माणसाचं, एकदाचं. पण आक्कांचं विचारणं संपलं नव्हतं.

"जेवण तुम्ही न्यायचा म्हणता. मग त्या दिवशी जेवला हुता का माझा पोरगा?"

हा प्रश्न शिखरवीराला कुणी विचारला नसता. फौजींनी खाली, आपल्या बुटांकडे पाहिलं. मग वर मान करून, परेडवर द्यावं तसं स्वच्छ उत्तर दिलं. "जेवला होता, आई. पुऱ्या होत्या आन गूळ होता. दोन जास्तच मागून घेतल्या."

"गूळ त्याला लागायचाच," आक्का म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या. सुनीता म्हणाली, पोराची पेटी दारात आली तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

फौजींना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. माझ्या मनात त्यांचं कौतुक मावत नव्हतं. मी म्हटलं, "बरं केलंत, खरं बोललात." त्यांनी फाटकाला हात टेकला. "बाई, त्या दिवशी जेवण वर गेलंच न्हाई. आम्ही निम्म्यात पोचलो आन गोळे सुरू झाले. जखमी आधी खाली आणा, अशी ऑर्डर आली. पुऱ्यांचं पोतं मी दगडाआड ठेवलं आन माणूस उचलला. पोतं तिथंच राहिलं. वरची पोरं उपाशीच गेली." मग म्हणाले, "लोक माझ्याबद्दल बोलले ते लोकांचं होतं. हे माझ्या तोंडचं हाय." ते बस पकडायला गेले.

त्या वर्षी ह्यांनी भाषण दोन मिनिटांत संपवलं. आक्कांना खणनारळ दिला, फौजींचं नाव घेतलं नाही, शिखराचंही नाही. घरी आल्यावर न जेवता झोपले. बॅनर कुठे गेला ते मी विचारलं नाही.

फौजींना स्टेजवर परत कुणी बोलावलं नाही. मला वाटलं होतं, आता ते मोकळे होतील. उलट झालं. डोंगरावर चढवलेलं खोटं त्यांनी इतकी वर्षं सोसलं, कारण ते दुसऱ्याचं होतं. दोन पुऱ्यांचं खोटं त्यांना सोसेना. मी एकदा म्हटलं, आक्का समजूतदार आहेत, सांगून टाका. आता इतकी वर्षं झाली. तर त्यांनी मान हलवली. "सुनीताताई काय म्हणाली तुम्हाला म्हाईत हाय ना? पोरगा गेल्यापासनं आईनं रात्रीचं जेवण सोडलं होतं. आता जेवती. मी काय सांगायला जाऊ?" खरंच होतं ते. सुनीताने मलाही सांगितलं होतं. त्या चहानंतर दुसऱ्याच दिवशी आक्कांनी संध्याकाळी भाकरी मागून घेतली होती.

दिवाळीत, गावी परतलेल्या आक्कांचं पार्सल आलं. मनीमाजऱ्याच्या गल्ल्यांत पोस्टमन हरवतो, म्हणून सुनीताने आमचा पत्ता दिला होता. पत्र्याचा डबा, वरून फडक्याने शिवलेला, आत गुळाचे लाडू. माझ्या लेकराला शेवटचा घास ज्यानं दिला त्याच्यासाठी, असा निरोप होता. फौजींना मी बोलावून घेतलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि टेबलावर ठेवला. "पोरांना वाटा, बाई." मी म्हटलं, एक तरी खा. ते म्हणाले, "उतरत न्हाई." पुढच्या दिवाळीला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. सुनीताच्या नवऱ्याची आसामात बदली झाली, पण डबा येत राहिला. मंडळातली पोरं वर्षभर त्या लाडवांची वाट बघत. ज्याच्यासाठी ते वळलेले असत, त्याने त्यातला कणसुद्धा तोंडात घातला नाही. मला त्याचं फार वाईट वाटे. कधी कधी रागही येई. ज्या दिवशी जखमी माणूस आणि पुऱ्यांचं पोतं यांतलं एकच उचलणं शक्य होतं, त्या दिवशी माणूस उचलणाऱ्याने स्वतःला असं किती वर्षं उपाशी ठेवायचं?

उन्हाळ्यात ते रजेवर गावी गेले. मुलीचं लग्न ठरत होतं. जाताना आमच्याकडे आले, माझी बाहेरची जड कुंडी सावलीत सरकवून दिली, ह्यांना सॅल्यूट केला. ह्यांनी त्यांना मिठी मारली, जी ह्यांनी सख्ख्या भावालाही कधी मारली नसेल. पंधरा दिवसांनी त्यांच्या बायकोचा फोन आला. रानात टँकर आला होता, सगळ्यांच्या घागरी भरून द्यायला फौजी उभे राहिले होते. तिथेच खाली बसले आणि परत उठले नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मोहालीच्या ऑफिसात मी स्वतः जाऊन सांगितलं. मॅनेजर नवीन होता. त्याने विचारलं, "कौन फौजी जी?"

आक्कांना कळवायचं मी विसरले असं नाही, पण धीर होईना. मी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. सुनीताही म्हणाली, आईची तब्येत बरी नाही, आत्ता नको.

दिवाळी आली आणि डबा आला. फडकं तसंच शिवलेलं, टाके आता वाकडेतिकडे. चार दिवसांनी आक्कांचा फोन आला. गावात कुणीतरी मोबाईल घेऊन दिला होता, त्यात त्या फार मोठ्याने बोलत.

"पोचला का वो डबा?"

"पोचला, आक्का."

"औंदा हात चालत न्हाईत माझं. गोड कमी पडलं का काय कुणाला ठावं. खाल्ले का त्यांनी?"

टेबलावर डबा होता. हे समोर पेपर घेऊन बसले होते, त्यांनी पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"खाल्ले, आक्का," मी म्हणाले. "दोन जास्तच मागून घेतले."